मुलांचं पुस्तक शेवटाकडून उघडा

मुलांसाठी पुस्तक निवडायचं असलं की मी मुखपृष्ठ, मलपृष्ठ, बक्षिसांचे गोल शिक्के यातलं काही बघत नाही. सरळ शेवटची दोन पानं वाचते. गोष्ट फुटते हे खरं, पण मला चालतं, पुस्तक माझ्यासाठी नसतंच. त्या दोन पानांत एकच शोधायचं : शेवटचा शब्द कोणाचा? गोष्टीतल्या मुलाचा, की त्याला समजावून सांगणाऱ्या आजोबांचा, बाईंचा, साधूमहाराजांचा? आजोबा 'म्हणून बाळांनो' म्हणत सरसावून बसले, की पुस्तक परत फळीवर.

बालवाचनालयात गोष्टी वाचून दाखवायचं काम मी बरीच वर्षं करते. पालकांची मागणी ठरलेली असते. 'ताई, जरा धीट होईल असं काहीतरी द्या.' 'प्रश्नच विचारत नाही हो, सांगितलं तेवढंच करतो.' पुस्तक हातात दिलं की तेच पालक विचारतात, 'आणि यातून बोध काय मिळतो?' आता या दोन मागण्या एकमेकींच्या पायात येतात. आयता बोध देणारं पुस्तक मुलाला सांगितलं तेवढं ऐकायचीच सवय लावतं, मग तो बोध धीटपणाचा का असेना. म्हणून 'मुलांना विचार करायला लावणारं पुस्तक' असं मलपृष्ठावर लिहिलेलं असलं, तरी आत विचार कोण करतंय ते आपणच तपासायचं.

भीती कुठे आहे ते शोधा

नायकाला कशाचीच भीती वाटत नसेल तर ते पुस्तक धाडसाचं नाही, ताकदीचं आहे. रात्री पाणी प्यायला एकट्यानं उठायला घाबरणाऱ्या मुलाला असल्या वीराकडून काय मिळणार? 'धीट माणसं वेगळीच असतात, आपण त्यातले नाही', एवढंच. तेव्हा पानं चाळताना अशी जागा शोधा, जिथे गोष्टीतल्या पोराच्या पोटात गोळा येतो, पाऊल पुढे पडत नाही. मग बघा, लेखक तिथे किती रेंगाळतो. 'पण त्याने हिंमत केली' असं एका ओळीत उरकलेलं असेल, तर लेखकाला पुढच्या मारामारीची घाई आहे. उलट पोरगा दोन पानं जिन्यातच उभा असेल, एक पायरी उतरून पुन्हा वर येत असेल, तर पुस्तक घ्या. चित्रपुस्तकात हे लवकर कळतं. चित्रकारानं घाबरलेला चेहरा मन लावून काढलाय, की सगळ्या पानांवर तोच हसरा गोल चेहरा चिकटवलाय?

साहसकथांना मात्र नाकं मुरडू नका. 'हे काय, नुसती पळापळ' असं म्हणणारे पालक भेटतात तेव्हा मला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची बाजू घ्यावीशी वाटते. पोरगा चणीनं किडकिडीत, सगळी करामत पायांत आणि डोक्यात. डोक्यात काही चमकलं की तोंडातून 'ट्टॉक'. मोठं माणूस येऊन सोडवेल याची वाट बघत तो बसत नाही, आणि मुलांना नेमकी तीच चव लागते.

पण फळीवर नुसती भुयारं आणि पाठलाग नकोत. 'मला नाही आलं' असं वर्गात उभं राहून म्हणणं, चौघं एकाला चिडवत असताना त्यात सामील न होणं, मोठ्यांनी कोणाला न सांगायची ताकीद दिलेली खटकणारी गोष्ट घरी जाऊन सांगणं, ही धाडसं मुलांच्या वाट्याला भुयारापेक्षा जास्त येतात. अमेरिकेत १९३६ मध्ये फर्डिनंड नावाच्या बैलाची एक गोष्ट निघाली. बाकीचे बैल शिंगाला शिंग भिडवतात, हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. झुंजीच्या रिंगणात नेऊन सोडला तरी मध्यभागी बसकण मारतो आणि बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत राहतो. शेवटी वैतागून त्याला घरी पोचवतात. झुंजणं वाईट की चांगलं, यावर लेखकाचं एक अक्षर नाही. तरी स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीला ती गोष्ट इतकी झोंबली की तिच्यावर बंदी आली. बोध न सांगणाऱ्या गोष्टी बिनधोक असतात असं कोणी म्हणालं, तर हे उदाहरण द्या.

'सोप्या भाषेत' असं लिहिलं असेल तर जपून

अभिजात गोष्टींच्या संक्षिप्त आवृत्त्या घेताना शेवट मुळाशी ताडून बघा, कारण कात्री हमखास तिथेच चालते. डॅनिश लेखक अँडरसनची नागड्या राजाची गोष्ट घ्या. १८३७ ची. मूर्खांना दिसत नाही असं कापड विणल्याचं सोंग करून दोन ठग राजाला फसवतात, आणि तो नसलेले कपडे 'घालून' मिरवणुकीत निघतो. सत्य बोलणारं ते लहान मूल आधीच्या मसुद्यात नव्हतंच. मजकूर छापायला गेल्यावर, मुद्रितं हातात आली तेव्हा अँडरसननं शेवट बदलून त्याला आत आणलं. आणि गोष्ट त्याच्या बोलण्यावर संपतही नाही. लोक कुजबुजतात, मग सगळेच ओरडू लागतात, राजाच्या अंगावर काटा येतो, कारण हे खरं आहे हे त्याला कळून चुकतं. पण मिरवणूक आता पार पाडलीच पाहिजे असं मनाशी ठरवून तो आणखी ताठ चालू लागतो, आणि मागचे मानकरी नसलेल्या झग्याचा नसलेला घोळ उचलून धरत त्याच्या मागे जातात. संपली गोष्ट.

कितीतरी आवृत्त्यांमध्ये राजा ओशाळतो, ठगांना शिक्षा करतो, मुलाला बक्षीस देतो. एवढ्यानं गोष्टीचा कणाच मोडतो. मुळात त्या मुलाला काहीही मिळत नाही.

मी मूळ शेवट वाचते आणि गप्प बसते. मागे एकदा त्या शांततेत एक मुलगा म्हणाला, "पण मागचे ते घोळ धरणारे, त्यांना तर माहीत होतं ना काही नाहीये ते?"

"माहीत होतं की," शेजारची मुलगी म्हणाली. "पण त्यांची नोकरी होती."

"मग ते भित्रे."

"भित्रे कसे? त्यांना घरी मुलं असतील."

"राजाला पण माहीत होतं. मग राजा कोणाला घाबरला?"

यावर बराच कल्ला झाला. कोणी म्हणालं लोकांना, कोणी म्हणालं मानकऱ्यांना, एकानं सांगितलं की आता थांबला असता तर जास्तच नागडा दिसला असता. एक छोटी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, बरोबर कोणाचं?" मी म्हटलं, "मला अजून ठरवता आलेलं नाही." ते खरंच आहे. राजाला बक्षिसं वाटायला लावणाऱ्या आवृत्तीवर ही चर्चा होणं शक्य नाही, कारण तिथे विचारायला काही शिल्लकच ठेवलेलं नसतं.

वाचून दाखवताना

पुस्तक चांगलं निवडून आपण ते वाचून दाखवतानाच मारू शकतो. सोपा उपाय म्हणजे दर पानाला थांबून विचारणं, 'मग काय शिकलास?'

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक महिनाभर वेगळ्या पद्धतीनं वाचून दाखवायला शिकवलं : हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी, मोकळे प्रश्न जास्त, आणि मूल जे बोलेल ते धरून पुढे बोलायचं. दुसऱ्या गटातले पालकही वाचून दाखवत होते, पण नेहमीच्या पद्धतीनं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात बरीच पुढे गेली. म्हणजे वाचून दाखवताना मुलाला बोलू देण्यालाही वजन असतं.

माझे प्रश्न अगदी साधे असतात. 'तुला यातलं काय पटलं नाही?' हा पहिला. 'आवडलं का' विचारलं तर मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणतं, पण 'पटलं नाही' विचारलं की कुरकुरीची मुभा मिळते आणि विचार सुरू होतो. दुसरा, 'हे तुला कशावरून वाटलं?' मूल पुस्तकात बोट ठेवून दाखवतं, किंवा दाखवता येत नाही म्हणून मत बदलतं. दोन्ही चांगलं. तिसरा प्रश्न गोष्टीतल्या दुसऱ्याच्या जागी बसवणारा. ससा-कासवाची गोष्ट सशाला सांगायला लावा. माझ्याकडच्या एका सशाचं म्हणणं होतं की त्याला शर्यतच नको होती, झोप आली होती, आणि कासवानं उठवलं का नाही?

एका बैठकीला एखाद-दुसरा प्रश्न पुरे. प्रश्नांची झड लावली की गोष्टीचा वर्ग होतो. मूल गोष्टीत पार बुडालेलं असेल तर तोंड बंद ठेवून वाचत राहायचं. आणि मुलानं विचारल्यावर उत्तर द्यायची घाई करू नका, मनातल्या मनात पाच अंक मोजा. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या अंकाला तेच पुढे बोलतं.

माहितीच्या पुस्तकाला विचारा : तुला कसं कळलं?

'कुतूहल जागवणारी' म्हणून मिळणारी बरीचशी पुस्तकं उत्तरांची पोती असतात. हजार तथ्यं, चकचकीत चित्रं, मूल पाठ करून पाहुण्यांना ऐकवतं. त्यात वाईट काही नाही, पण त्याला कुतूहल म्हणायला मी तयार नाही. माझी कसोटी अशी : कुठलंही पान उघडा, एक विधान निवडा आणि ते कसं कळलं याचा मागमूस त्या पानावर आहे का बघा.

'पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे' हे विधान घ्या. एका पुस्तकात ते रंगीत चौकटीत असतं आणि विषय संपतो. दुसऱ्या पुस्तकात सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक विद्वान एराटोस्थेनिस असतो, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात राहणारा. त्याला कळलेलं असतं की दक्षिणेकडच्या सायीन गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडते. ती सावली तो मोजतो, कोन निघतो वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणजे दोन गावांमधल्या अंतराची पन्नास पट केली की सगळी पृथ्वी! हे पान वाचलेलं मूल दुपारी काठी घेऊन अंगणात किंवा गच्चीत सापडतं. पहिलं पान वाचलेलं मूल पुढची चौकट वाचतं.

जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका. २००६ पूर्वीच्या पुस्तकात ग्रह नऊ आहेत, नंतरच्या पुस्तकात आठ. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि काही बोलू नका. 'मग यातलं खोटं कुठलं?' हा प्रश्न आला, की प्लुटो होता तिथेच आहे, ग्रह कशाला म्हणायचं याची व्याख्या खगोलशास्त्रज्ञांनी बदलली, इथपर्यंत मुलाला स्वतः पोचू द्या. छापलेलं तपासून बघता येतं, हे त्याला इथे कळतं. त्यासाठी वेगळा तास घ्यायला नको.

शास्त्रज्ञांची चरित्रं निवडताना मी जरा जास्तच खडूस आहे. जन्मापासून बुद्धिमान, कधी चुकले नाहीत, शेवटी जगानं मानलं, असल्या चरित्रातून मूल स्वतःला वगळूनच बाहेर पडतं. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद आपटलेलं चित्र असेल तर तेही एक लक्षण समजा. म्हातारपणी न्यूटननं ही आठवण त्याचा मित्र विल्यम स्टुकलीला सांगितली, ती बागेत सफरचंद पडताना पाहिल्याची होती. डोकं नंतर कोणीतरी घातलं. उलट मारी क्युरीच्या चरित्रात गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळत, ढवळत घालवलेली वर्षं असतील, आणि त्यातून १९०२ मध्ये हाती आलेलं रेडियम क्लोराइड जेमतेम एक दशांश ग्रॅम होतं हेही असेल, तर लेखकावर विश्वास टाकायला हरकत नाही.

गोष्टीतली मोठी माणसं कशी आहेत?

स्वतंत्र विचाराचं पुस्तक म्हणजे मोठ्यांना मूर्ख ठरवणारं पुस्तक, असा एक सोपा समज लेखकांमध्येही आहे. तसली पुस्तकं मुलांना हसवतात, मीही ठेवते. पण मला हवं असतं ते चूक करू देणारं मोठं माणूस. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागींच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणींवरच्या 'तोत्तोचान'मध्ये (१९८१, मराठीतही आहे) एक प्रसंग येतो. तोत्तोचानचं आवडतं पैशांचं पाकीट शाळेच्या संडासात पडतं. ती लांब दांड्याचा डाव शोधून आणते आणि बाहेरच्या टाकीतला मैला उपसून ढीग घालायला लागते. मुख्याध्यापक तिथून जातात, काय चाललंय विचारतात. ती सांगते. ते म्हणतात, झालं की सगळं परत आत टाकशील ना? आणि निघून जातात. पाकीट काही सापडत नाही. ती सगळा ढीग परत टाकीत टाकते.

पालकांना हा प्रसंग वाचायला दिला की पहिली प्रतिक्रिया 'शी!' असते. मुलांची पहिली प्रतिक्रिया 'ते रागावले नाहीत?' ही.

आणखी एक झटपट तपासणी. गोष्टीतल्या भल्या माणसाचं कधी चुकतं का? दुष्टाच्या तोंडी एखादं तरी पटण्यासारखं वाक्य आहे का? दोन्ही उत्तरं नाही असतील तर कोणाची बाजू घ्यायची हे लेखकानंच ठरवून टाकलंय. शिवाय चित्रांत बघा, पळतंय कोण, चढतंय कोण, दिवा धरून वाट बघत उभं कोण. मुली सगळ्या दिवा धरूनच असतील, किंवा चाकाच्या खुर्चीतला मुलगा फक्त इतरांना दया शिकवण्यापुरता आला असेल, तर धाडस नेमकं कोणाच्या वाटणीला दिलंय ते कळतं.

वय

यावर फार डोकं शिणवू नका. पुस्तकावर छापलेलं वय अंदाजे असतं. अगदी छोट्यांसाठी चित्र आणि मजकूर वेगवेगळं बोलणारी पुस्तकं शोधा. पॅट हचिन्सच्या १९६८ च्या एका चित्रपुस्तकात कोंबडी फिरायला निघते, अख्ख्या पुस्तकात इंग्रजीतले ३२ शब्द, आणि मागे लागलेल्या कोल्ह्याबद्दल त्यात एकही नाही. कोल्हा फक्त चित्रांत. वाचता न येणारं मूल वाचणाऱ्या मोठ्या माणसाला ओरडून सांगतं, 'अगं, मागे बघ!' पुस्तकानं सांगितलं नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची ही सुरुवात. सात-आठच्या पुढे प्रकरणांची पुस्तकं, अकरा-बाराच्या पुढे नीट उत्तर नसलेल्या गोष्टी. पण बारा वर्षांच्या मुलानं चित्रपुस्तक उचललं तर टोकू नका. कॉमिक्सलाही नाही.

दुःखाच्या आणि भीतीच्या पुस्तकांबद्दल विचारणा फार होते. मरण, आईवडिलांचं वेगळं होणं, युद्ध. मी ती टाळत नाही, पण आधी स्वतः वाचते, दिवसाउजेडी देते, आणि मुलाला सांगून ठेवते की नको वाटलं तर कुठल्याही पानावर बंद कर. नुकतंच घरात तसं काही घडलं असेल तर पुस्तक हातात कोंबत नाही. दिसेल असं ठेवते, हवं तेव्हा मूलच उचलतं.

'असली पुस्तकं वाचून उलट उत्तरं द्यायला लागला' ही तक्रारही येते. येणारच. प्रश्न विचारायला शिकलेलं मूल पहिला प्रश्न सगळ्यांत जवळच्या माणसाला विचारतं. कारण मागितलं तर कारण द्या, आणि कारण नसेल तर नाही म्हणून सांगा. उद्धट बोलला तर बोलण्याबद्दल रागवा. प्रश्नाबद्दल नको.

शेवटी, निवड त्याची

आपण इतकं पारखून आणलेलं पुस्तक मूल दहा पानांत टाकून देतं. देऊ द्या. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात पहिला न वाचण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे. मोठी माणसं हे हक्क राजरोस वापरतात, मुलांना मात्र 'घेतलंस ना, आता संपव' म्हणतात. घरी आणताना मी म्हणेन, दोन पुस्तकं तुम्ही निवडा, दोन त्याला निवडू द्या, आणि त्याच्या दोनांवर भुवया उंचावू नका.

एक करून बघण्यासारखं आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या आतल्या बाजूला जाड कागदाचं कार्ड चिकटवा आणि वाचणाऱ्या मुलाला पुढच्यासाठी एक ओळ लिहू द्या. नाव घालायची सक्ती नको, शुद्धलेखन सुधारायचं नाही, आणि 'बंडल' असं लिहिलं तरी खोडायचं नाही. घरात एकच मूल असेल तर भावंडं, मित्र, शेजारची पोरं यांच्यात पुस्तकं फिरवा. 'आधी कंटाळा आहे, बोट बुडते तिथून वाचा' असली ओळ कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त मुलांना त्या पुस्तकाकडे नेते. कार्ड भरलं की त्यावर दुसरं लावा, पण जुनं काढू नका. ज्या पुस्तकावर मुलांचं एकमेकांशी भांडण झालेलं दिसेल, त्याच्या जातीचं पुस्तक पुढच्या खरेदीत आधी घ्या.